सेकंडहँड इंजिन आणून पिकअपचं इंजिन घरीच बदलायचं असेल तर

इंजिन उतरवणं आणि चढवणं हा या कामातला सोपा भाग आहे. नट-बोल्ट कुणालाही खोलता येतात, चेन पुली भाड्याने मिळते, आणि गल्लीत एखादा निवृत्त मिस्त्री असतोच, जो खुर्ची टाकून बसतो आणि न विचारता सल्ले देतो. पैसे बुडतात ते दुसरीकडे: चुकीचं इंजिन उचललं म्हणून, त्याचे कागद नव्हते म्हणून, किंवा पहिलं इंजिन ज्या कारणाने मेलं ते कारण गाडीत तसंच ठेवून दुसरं चढवलं म्हणून. त्यामुळे पान्यांपेक्षा या तीन गोष्टींवर मी जास्त लिहिणार आहे.

उदाहरणासाठी बोलेरो पिकअप घेऊ. पुढे बॉनेट, त्याखाली गाडीच्या लांबीत बसवलेलं २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, त्याला जोडलेला गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांकडे जाणारा जॉइंट. घरी काम करायला ही मांडणी सगळ्यात सोयीची, कारण इंजिन वरून सरळ उचलता येतं. छोटा हत्ती असेल तर इंजिन सीटखाली असतं आणि काढायची वाट वेगळी. पण निवड, कागद आणि पहिला स्टार्ट यांबद्दल खाली जे आहे ते त्यालाही लागू आहे. बीएस ६ (धुराच्या सगळ्यात नव्या सरकारी दर्जाची) गाडी असेल तर मात्र हे काम घरी घेऊ नका. सेन्सर, सायलेन्सरमधला फिल्टर आणि ईसीयू (इंजिनावर लक्ष ठेवणारा छोटा संगणक) यांचं जाळं इतकं गुंतलेलं असतं की स्कॅनरशिवाय पाऊल टाकता येत नाही.

आधी खात्री: इंजिन खरंच गेलंय?

'इंजिन गेलं' हे वाक्य गॅरेजमध्ये फार सहज उच्चारलं जातं. पाणी उकळलं, पांढरा धूर आला, ऑइलचा रंग दुधाळ झाला, तर बहुतेक वेळा हेड गॅस्केट (ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) उडालेलं असतं किंवा हेडला तडा गेलेला असतो. हेड उतरवून लेथवाल्याकडून फेसिंग (घासून सपाट करणं) आणि प्रेशर टेस्ट करून घ्या. तेवढ्यावर भागलं तर बाकीचा लेख वाचायची गरज नाही. इंजिन फिरतच नसेल तर सेल्फवर (स्टार्टर मोटरवर) जोर काढू नका. गाडी न्यूट्रलला टाका, क्रँक पुलीच्या बोल्टवर लांब दांड्याची गोटी (सॉकेट) लावा आणि हाताने फिरवून पाहा. अजिबात हललं नाही तर नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढून परत फिरवा. कधी कधी सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं, विशेषतः पुराच्या पाण्यातून गाडी काढल्यावर. नोझल काढताच ते उडून बाहेर येतं आणि इंजिन मोकळं होतं. अशा वेळी रॉड वाकला नाही ना, हे मात्र तपासायलाच हवं.

कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, क्रँक तुटला असेल किंवा ब्लॉकलाच तडा असेल, तर दुसरं इंजिन हाच मार्ग. नुसते लायनर-पिस्टन झिजले असतील आणि क्रँक चांगला असेल, तर आपल्याच ब्लॉकचं काम करून घेणं बहुधा शहाणपणाचं ठरतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची कामं वर्षानुवर्षं चालतात. आपल्या इंजिनाचा इतिहास आपल्याला माहीत असतो, आणि इंजिन नंबर बदलत नसल्याने आरटीओचा फेराही वाचतो. दोन्हींचा खर्च कागदावर मांडा, आणि सेकंडहँडच्या बाजूला गॅस्केट किट, क्लच, फाउंडेशन (इंजिनाचे रबरी आधार), ऑइल, कुलंट, टेम्पोचं भाडं हे सगळं धरा. नुसत्या इंजिनाची किंमत पाहून निर्णय घेणारे इथेच फसतात.

आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये: पहिलं इंजिन कशाने मेलं? रेडिएटर चोक होता? फॅनचा व्हिस्कस कपलिंग सुटला होता? ऑइल गळत होतं आणि कोणी पाहिलं नाही? एअर फिल्टरचा पाइप फाटून धूळ आत जात होती? ऊस, वाळू किंवा विटा वाहणाऱ्या गाडीत हे शेवटचं कारण फार सापडतं. धूळ गिळलेल्या इंजिनाचे लायनर वरच्या बाजूला घासलेले दिसतात आणि टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या पंख्याच्या) पात्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात. कारण गाडीत राहिलं तर नवं इंजिन त्याच वाटेने जाईल.

कोणतं इंजिन चालेल

'बोलेरोचं इंजिन आहे' एवढ्यावर सौदा करू नका. त्याच २५२३ सीसीत यांत्रिक डिझेल पंपाचं जुनं इंजिनही येतं आणि कॉमन रेलचं (सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) नंतरचंही. वरून दोन्ही भाऊ-भाऊ दिसतात, पण पंप, वायरिंग, ईसीयू सगळं वेगळं. गाडीच्या वर्षावरूनही फसगत होते. २०१० ते २०१७ या काळात मुंबई, पुणे, सोलापूर अशा ठरावीक शहरांत बीएस ४ लागू होतं, तर बाकीच्या महाराष्ट्रात बीएस ३. म्हणजे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत दोन वेगळी इंजिनं सापडू शकतात. देशभर बीएस ४ आलं ते एप्रिल २०१७ मध्ये आणि बीएस ६ एप्रिल २०२० मध्ये. आपल्या आरसीवर जो दर्जा लिहिलेला आहे त्याच दर्जाचं, त्याच मॉडेलचं इंजिन घ्या. कॉमन रेलच्या जागी 'साधा पंप बसवून देतो, कटकटच नको' असं सांगणारे भेटतील. गाडी चालेलही, पण नोंदणीला ते बसत नाही आणि पीयूसीपासून फिटनेसपर्यंत सगळीकडे अडतं.

टाटाच्या जुन्या इंजिनांत ओळख थोडी सोपी आहे, कारण माप नावातच असतं: ४९७ म्हणजे ४ सिलिंडर आणि ९७ मिमी बोअर, २७५ म्हणजे २ सिलिंडर आणि ७५ मिमी बोअर. महिंद्राच्या बाबतीत पंप, फ्लायव्हील आणि ब्लॉकवरचा नंबर पाहूनच ठरवावं लागतं. म्हणून बाजारात जाताना आपल्या इंजिनाचे चारही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फाउंडेशनचे कान, ऑइल चेंबरचा आकार (खोल भाग पुढे की मागे), सेल्फची बाजू, टर्बोचं तोंड कुठे वळलंय, फ्लायव्हीलचा व्यास, क्लचप्लेटचं माप: हे एकेक जुळवून पाहायचं. चेंबर, मॅनिफोल्ड आणि कान आपल्या जुन्या इंजिनावरून काढून बसवता येतात, त्यामुळे तिथे फरक असला तरी घाबरायचं नाही. पण बेल हाउसिंगचे (इंजिनाला जोडणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचाचे) बोल्ट जुळत नसतील तर तिथूनच परत फिरा.

भंगार बाजारात

मुंबईत कुर्ला पश्चिमेचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी ही मोठी नावं. शिवाय जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावाबाहेर गाड्या फोडणारे बसलेले असतात. शक्य असेल तर अपघातात मागून चेपलेली, पण इंजिन गाडीतच असलेली गाडी शोधा. गाडीत बसलेलं इंजिन चालू करून बघता येतं, आणि चालू करून बघितलेल्या इंजिनाला पाच-दहा हजार जास्त गेले तरी ते स्वस्त पडलं असं समजा.

चालू करायच्या आधी हात लावून पाहा. इंजिन गरम असेल तर दुकानदाराने तुमच्या येण्याआधी ते तापवून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणा आणि थंड इंजिन सेल्फवर कसं घेतं ते बघा. सुरू झाल्यावर सुरुवातीचा थोडा पांढरा धूर चालतो. गरम झाल्यावरही निळा येत राहिला तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तसंच तोंडावर ठेवा: किंचित थरथरलं तर ठीक, भकाभका वाफ मारून उडालं तर पिस्टन-रिंगा गेल्या. डिपस्टिकवरचं ऑइल बोटांवर घेऊन चोळा. कण लागले किंवा दुधाळ दिसलं तर निघा. रेडिएटरचं झाकण काढून (थंड असतानाच, गरम असताना उघडलं तर तोंड भाजेल) पाण्यात सतत बुडबुडे येतायत का पाहा.

इंजिन जमिनीवर पडलेलं असेल तर चालू करणं शक्य नाही, पण तरी बरंच कळतं. क्रँक पुली गोटीने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडकलं, कुठे अचानक हलकं गेलं, लक्षात ठेवा. टॉमीने (लोखंडी दांड्याने) पुली पुढे-मागे ढकला. हाताला स्पष्ट कळेल इतका खेळ असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलंय. टर्बोचं तोंड उघडून शाफ्ट हलवा: बाजूला किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर हलता कामा नये. ब्लॉकच्या बाजूच्या वेल्श प्लगांभोवती (पत्र्याच्या गोल बुचांभोवती) गंजाचे ओघळ दिसले तर त्या इंजिनाने आयुष्यभर साधं पाणी प्यायलंय. नव्याने मारलेला चकचकीत रंग ही चांगली खूण नाही. धुळीत तेलकट पडलेलं इंजिन काही लपवत तरी नाही.

कॉम्प्रेशन गेज असलेला मिस्त्री बरोबर नेता आला तर उत्तम. नोझल काढून त्या जागी गेज लावतात आणि बाहेरून बॅटरी जोडून सेल्फ फिरवतात. अशा डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३० बारच्या आसपास आकडा अपेक्षित असतो. २० च्या खाली आला तर विषय संपला. आकड्यापेक्षाही चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. तीन २६ वर आणि एक २१ वर असेल, तर त्या एकाच सिलिंडरसाठी पुढे हेड खोलावं लागणार.

सौदा ठरताना दोन गोष्टी बिलावर लिहून घ्या: इंजिन नंबर, आणि 'जाम किंवा ब्लॉक फुटलेला निघाल्यास बदलून' असं किमान काही दिवसांचं वचन. कॉमन रेल असेल तर चारही नोझल, रेल, पंप आणि शक्यतो ईसीयूसुद्धा त्याच गाडीचा मागा.

कागद, इंजिन उचलायच्या आधी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच लोक तो शेवटी ठेवतात. आरसीवर चेसिस नंबरबरोबर इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करायचा तर आरटीओची मंजुरी घ्यावी लागते, आणि बदल झाल्यावर चौदा दिवसांच्या आत आरसीसह कळवावं लागतं. त्याच मेकचं आणि त्याच प्रकारचं इंजिन मंजुरीशिवाय बदलायची सवलत कायद्यात आहे, पण ती किमान दहा व्यावसायिक गाड्यांच्या मालकाला, आणि तीही राज्य सरकारने तशी अधिसूचना काढली असेल तरच. एका पिकअपवर पोट असलेल्याला ती नाही. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांची लेखी संमतीही लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या फेरफाराला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण खरा फटका दुसरीकडे बसतो: फिटनेसच्या वेळी नंबर जुळत नाही आणि गाडी उभी राहते, किंवा अपघात झाला की विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी असतं, म्हणजे हे प्रकरण फार काळ लपतही नाही.

इंजिन ज्या गाडीतून निघालंय तिचा नोंदणी क्रमांक विचारा, तिच्या आरसीची किंवा नोंदणी रद्द झाल्याच्या पत्राची प्रत मागा. त्या गाडीचे तपशील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' प्रणालीत टाकून गाडी चोरीची नाही ना हे पाहता येतं, तसं पत्रही काढता येतं. हे अति वाटत असेल तर मेरठचं सोतीगंज आठवा. देशभरातल्या चोरीच्या गाड्या तिथे फोडल्या जायच्या, आणि २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बाजारच बंद पाडला. तिथून निघालेली इंजिनं कुठल्या ना कुठल्या गाडीत बसलेली आहेतच. ब्लॉकवरचा नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्याच्या भोवतीची जागा बाकी ब्लॉकपेक्षा गुळगुळीत दिसली, तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका.

जागा आणि सामान

सपाट, टणक जमीन हवी. कोबा किंवा फरशी असेल तर उत्तम. मातीचं अंगण असेल तर जॅक आणि घोडीखाली जाड फळ्या टाका. पावसाळ्यात हे काम उघड्यावर सुरू करू नका.

चार सिलिंडरचं हे इंजिन अडीचशे किलोच्या घरातलं धरून तयारी करा. एक टनाची चेन पुली आणि लोखंडी पाइपांची तिपाई घोडी, किंवा भाड्याने मिळाली तर चाकांची इंजिन क्रेन. अंगणातल्या कडुनिंबाची फांदी, गोठ्याचं आढं, पत्र्याच्या शेडचा अँगल यांवर इंजिन टांगलेलं मी पाहिलं आहे. त्या माणसांचं काही वाईट झालं नाही, पण त्यांचं अनुकरण करू नका. फांदी मोडायच्या आधी आवाज करेलच असं नाही. नायलॉनचा दोरही नको. इंजिनाच्या पुढच्या-मागच्या उचलायच्या कड्यांत साखळी आणि शॅकलच लावा. लोंबत्या इंजिनाखाली हात, पाय, डोकं काहीही जाता कामा नये, आणि पोरांना त्या दिवशी आजीकडे पाठवा.

बाकी गोट्यांचा सेट, रिंग पाने, टॉर्क पाना (हा मागून का होईना, आणा), टॉमी, दोन जॅक, लाकडी ठोकळे, तेल-पाणी धरायला घमेली, आणि बोल्ट ठेवायला झाकणाचे डबे. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून लिहा: 'बेल हाउसिंग', 'डाव्या बाजूचं फाउंडेशन', 'रेडिएटर'. बेल हाउसिंगचे बोल्ट एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर गोल काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवणं ही जुन्या मिस्त्रींची युक्ती अजून कोणी मागे टाकलेली नाही.

उतरवणं

गाडी उभी करून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. बॅटरीची आधी मायनस, मग प्लस वायर काढा, आणि बॅटरी बाहेरच ठेवा. बॉनेटच्या बिजागरीभोवती खडूने किंवा मार्करने रेघ मारून मग बॉनेट उतरवा, म्हणजे बसवताना फट जुळवत बसावं लागत नाही.

कुलंट आणि ऑइल काढून घ्या. कुलंट जमिनीवर सांडू देऊ नका. त्याची चव गोड असते आणि कुत्री-मांजरं, जनावरं ते पितात आणि मरतात. गाडीत एसी असेल तर त्याचे पाइप सोडू नका. काँप्रेसर पाइपांसकट ब्रॅकेटवरून काढून बाजूला बांधून ठेवा.

मग पुढून मागे येत जा. जाळी, रेडिएटर, इंटरकूलर आणि त्याचे पाइप, फॅन. रेडिएटर निघाला की समोर जागा मोकळी होते आणि कामाचा निम्मा त्रास संपतो. डिझेलचे पाइप सोडताच तोंडं स्वच्छ प्लास्टिकने बांधा. डिझेल पंपाला धुळीचा एक कणही पुरतो. एकेक वायर काढायच्या आधी फोटो, आणि वायरला चिठ्ठी. ॲक्सिलरेटर केबल, बंद करायची केबल, हीटरचे पाइप, व्हॅक्यूम पाइप, अर्थिंगची जाड पट्टी. ही शेवटची नेहमी विसरते आणि इंजिन अर्ध्यावर उचललं की ताणलेली दिसते.

सायलेन्सरचे बोल्ट गंजून बसलेले असतात. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी जोर लावताना आधी थोडं घट्ट करायच्या दिशेने हलवा, मग सोडवा. तुटला तर तुटला, कारण तिथले स्टड तसेही नवे घालायचे आहेत.

गिअरबॉक्स गाडीतच ठेवणार असाल तर त्याखाली जॅक आणि फळी लावून आधार द्या, सेल्फ काढा, बेल हाउसिंगचे बोल्ट सोडा. वरचे दोन बोल्ट फार अडचणीत असतात. लांब एक्स्टेन्शन आणि कार्डन जॉइंट लावून मागच्या बाजूने, गाडीखालून पोचता येतं. साखळीला हलका ताण देऊन मगच फाउंडेशनचे बोल्ट काढा. इंजिन आधी पुढे सरकवायचं, गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमधून पूर्ण सुटेपर्यंत, आणि मगच वर. अडलं तर खेचू नका. काहीतरी एक राहिलंय. थांबून बॅटरी लावून शोधा, टॉर्चची बॅटरी म्हणतोय. दर चार बोटं उचललं की भोवती एक फेरी मारा.

दोन्ही इंजिनं जमिनीवर असताना

इथे वेळ घालवा. गाडीत बसल्यावर ज्या तीस रुपयांच्या सीलसाठी पुन्हा सगळं उतरवावं लागेल, ते आत्ता हाताशी आहे.

मागचं क्रँक ऑइल सील डोळे झाकून बदला. पुढचंही. वॉटर पंप हाताने फिरवून पाहा, आवाज किंवा खेळ असेल तर नवा. थर्मोस्टॅट नवा. सगळे होज आणि क्लिपा नव्या. फाउंडेशनची रबरं दाबून पाहा, चिरली असतील तर दोन्ही बाजूंची बदला. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल तर बेल्ट आणि टेन्शनर दोन्ही नवे, विकणारा काहीही म्हणो. ऑइल चेंबर खोलून तळ बघा: काळा गाळ निघेल तो पुसून काढा, पण चकचकीत पत्री किंवा तांबूस कण दिसले तर एक-दोन बेअरिंग कॅप उघडून शेल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॅप ज्या जागेची त्याच जागी आणि त्याच दिशेने परत बसते. टॅपेट सेटिंगही (व्हॉल्व्हची फट जुळवणं) आत्ताच, उभ्याने आरामात होतं.

क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग अर्धवट झिजलेलं असलं तरी नवं टाका. क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग लोक विसरतात. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर लेथवर फेसिंग करून घ्या.

जुन्या इंजिनावरून टर्बो, इंटरकूलर किंवा ऑइल कूलर वापरणार असाल तर सावध. जे इंजिन बेअरिंग खाऊन मेलं त्याच्या ऑइल कूलरमध्ये धातूचा चुरा बसलेला असतो आणि तो कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. तो नवाच घ्या. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल डिझेलने धुऊन, वाळवून, हवा मारून काढा. याचं कारण पहिल्या स्टार्टच्या वेळी कळेल. रेडिएटर चांगल्या कारागिराकडून उघडून रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवून सफाई) करून घ्या.

चढवणं

क्लचप्लेट मध्यावर बसवणं हीच इथली खरी किल्ली आहे. जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मिळाला तर तो घालून प्लेट मध्यावर धरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. शाफ्ट नसेल तर लेथवाला लाकडाचा तसा गज वळून देतो. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे, हे तिच्यावर छापलेलं असतं. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही.

इंजिन आत घेताना गिअरबॉक्स जॅकवर वर-खाली करून दोन्हींचा कोन जुळवा. गाडी गिअरमध्ये टाकून एकाने क्रँक पुली हळूहळू फिरवायची, दुसऱ्याने इंजिन मागे सरकवायचं; दाते जुळले की ते स्वतःच आत जातं. बेल हाउसिंग आणि ब्लॉक यांत बोटभर फट राहिली असताना बोल्ट आवळून ते ओढून घेण्याचा मोह होतो. तसं केलं तर क्लचप्लेटचा मधला भाग वाकतो किंवा बेल हाउसिंगचा कान तुटतो. फट हातानेच मिटली पाहिजे. डॉवेल पिना (दोन्ही भाग नेमके जुळवणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत ना, ते आधी बघा.

बाकी सगळं उलट्या क्रमाने. अर्थिंगची पट्टी घासून, स्वच्छ करून घट्ट लावा. ती ढिली राहिली तर सेल्फ नीट फिरत नाही आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो. कॉमन रेलमध्ये प्रत्येक नोझलवर एक कोड कोरलेला असतो. नोझल बदलले असतील तर ते कोड स्कॅनरने ईसीयूत भरावे लागतात, आणि ईसीयू बदलला असेल तर किल्लीचा इमोबिलायझरही जुळवावा लागतो. त्यासाठी स्कॅनरवाल्याला घरी बोलवा. गाडी टोचन करून नेण्यापेक्षा ते बरं.

पहिला स्टार्ट

नवं ऑइल, नवा फिल्टर. फिल्टर उभा बसत असेल तर आधी ऑइलने भरून घ्या. टर्बोच्या ऑइलच्या तोंडात थोडं ऑइल ओता. कुलंट भरताना वरचा होज दाबत राहा म्हणजे हवा निघते.

डिझेल फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू ढिला करा आणि हँड प्राइमर मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत. यांत्रिक पंपाच्या इंजिनात नंतर नोझलकडचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ फिरवला की उरलेली हवा निघते. कॉमन रेलमध्ये हे कधीही करायचं नाही. तिथे पाइपातला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची ती बारीक धार कातडीतून आत शिरते. असं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक हॉस्पिटल गाठायचं.

आधी इंजिन सुरू न होऊ देता फिरवा: बंद करायची केबल ओढून धरा किंवा डिझेल बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढा, कॉमन रेलमध्ये नोझलचे कनेक्टर काढा. दहा-दहा सेकंद सेल्फ, मध्ये मिनिटभर विश्रांती, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझत नसेल तर सुरू करू नका.

मग खरा स्टार्ट. एक माणूस एअर इनटेकच्या तोंडाशी लाकडाची सपाट फळी घेऊन उभा हवा. टर्बोचं सील गेलेलं असेल किंवा इंटरकूलरमध्ये ऑइल राहिलं असेल, तर डिझेल इंजिन ते ऑइल इंधन म्हणून पिऊ लागतं, आरपीएम चढतच जातो आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. तेव्हा हवा तोडणं हाच उपाय. फळी तोंडावर घट्ट दाबायची. हात किंवा फडकं नाही, ते आत ओढलं जातं. वाळूची बादली किंवा अग्निशामक सिलिंडर जवळ असू द्या.

सुरू झालं की रेस करू नका. ऑइलचा दिवा, गळती आणि आवाज, याच क्रमाने पाहा. सायलेन्सरवर सांडलेलं ऑइल जळून धूर येईल, तो दहा मिनिटांत जातो. थर्मोस्टॅट उघडून खालचा होज गरम होईपर्यंत चालू ठेवा, फॅन लागतो का बघा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, कुलंट आणि ऑइल पुन्हा मोजा.

त्यानंतरचे दिवस

पहिले काही दिवस रिकामी किंवा अर्धा माल घेऊन जवळच्या फेऱ्या करा. घाट चढायची घाई नको. बोरघाट, कसारा कुठे पळून जात नाहीत. रोज सकाळी डिपस्टिक आणि कुलंटची टाकी. पाचशे किलोमीटरच्या आसपास ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा: त्यात कण आहेत की नाहीत, यावरून इंजिन कसं निघालं ते कळतं. फाउंडेशन, मॅनिफोल्ड आणि बेल हाउसिंगचे बोल्ट याच वेळी पुन्हा आवळा. काढलेलं ऑइल गटारात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

मंजुरी आधी घेतलेली असेलच. आता चौदा दिवस संपायच्या आत इंजिनाचं बिल, मूळ गाडीचे कागद आणि आरसी घेऊन तपासणीला गाडी दाखवा. ब्लॉकवरचा नंबर वायर ब्रशने साफ करून, त्यावर खडू फिरवून ठेवा, म्हणजे निरीक्षकाला वाकून शोधत बसावं लागत नाही. नवा नंबर आरसीवर चढला की विमा पॉलिसीतही तो बदलून घ्या. जुनं इंजिन या सगळ्यानंतरच भंगारात घाला, तेही नंबर लिहिलेली पावती घेऊन. त्याआधी त्याच्यावरचा सेल्फ, अल्टरनेटर आणि चांगले असतील तर नोझल काढून ठेवा, पुढेमागे उपयोगी पडतात.